डिरेक्टरी सेवेसाठी सर्व्हर निवडताना: विखुरलेली यंत्रे मोजक्या यंत्रांवर आणण्याची पद्धत

डिरेक्टरी म्हणजे संस्थेतील युजर, गट आणि पासवर्ड यांची मध्यवर्ती नोंदवही; लॉगिनच्या वेळी इतर प्रणाली तिलाच विचारतात. संस्था वाढते तसे तिचे डिरेक्टरी सर्व्हरही वाढत जातात. एक मुख्य कार्यालयात, एक शाखेत, एक ईमेलसाठी वेगळा, एक कोणत्या तरी जुन्या ॲप्लिकेशनने मागितला म्हणून उभा केलेला; आणि काही वर्षांनी हिशेब मांडला तर आठ-दहा यंत्रे निघतात, ज्यांतली निम्मी निवांत असतात आणि उरलेली सकाळच्या लॉगिनच्या वेळी धापा टाकतात. ही संख्या कमी करून त्या जागी मोजकी पण वेगवान यंत्रे आणायची असे ठरले, की पहिला मोह होतो तो सर्वांत जास्त कोअरचा (म्हणजे प्रोसेसरमधील गणना करणाऱ्या स्वतंत्र घटकांचा) सर्व्हर मागवण्याचा. डिरेक्टरीच्या बाबतीत हा मोह बहुधा वाया जातो, कारण तिचा वेग आधी मेमरीवर, मग एकेका कोअरच्या चपळाईवर आणि जिथे लेखन होते तिथे डिस्कच्या विलंबावर अवलंबून असतो. शिवाय यंत्रे किती आणि केवढी घ्यायची, हे एरवीच्या दिवसावरून ठरत नाही. त्यांतले एखादे बंद पडले असताना उरलेल्यांवर किती भार येईल, यावरून ठरते.

पुढील पायऱ्या ओपनएलडॅप, ३८९ डिरेक्टरी सर्व्हर आणि मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी या तिन्ही डिरेक्टरी सॉफ्टवेअरना लागू पडतात. जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

पायरी १ : सध्याचा भार मोजा

प्रत्येक जुन्या सर्व्हरवरून चार आकडे गोळा करावेत: एकूण नोंदी किती आहेत, डेटाबेसची फाइल केवढी आहे, गर्दीच्या वेळी दर सेकंदाला किती शोध व किती बाइंड (नाव-पासवर्ड देऊन ओळख पटवणे) होतात, आणि किती बदल लिहिले जातात. दिवसभराची सरासरी येथे दिशाभूल करते, कारण डिरेक्टरीवरचा भार कामकाज सुरू होतानाच्या काही मिनिटांत एकवटलेला असतो; म्हणून सर्वाधिक गर्दीच्या पाच मिनिटांचा दर काढावा आणि मोजणी निदान महिनाभर चालू ठेवावी, म्हणजे पासवर्डची मुदत संपण्याचे दिवस आणि मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीतून रात्री येणारे घाऊक बदल निसटणार नाहीत.

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत परफॉर्मन्स मॉनिटरमधील एनटीडीएस या गटाखाली एलडॅप (डिरेक्टरीशी बोलण्याची प्रमाणित पद्धत) शोधांचा दर थेट दिसतो. ओपनएलडॅपमध्ये मॉनिटर बॅकएंड हा आकडेवारी देणारा भाग सुरू केला की आतापर्यंतच्या क्रियांची एकूण संख्या मिळते. दोन वेळच्या संख्यांमधील फरकाला मधल्या सेकंदांनी भागले की दर निघतो. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरबरोबर ॲक्सेस लॉगचे विश्लेषण करणारे साधन येतेच.

आकड्यांची बेरीज करताना एक गोष्ट नवख्यांच्या हमखास नजरेतून सुटते. आठ सर्व्हर एकमेकांच्या प्रती असतील, तर त्यांच्यावरील शोधांची बेरीज करणे बरोबर आहे, पण लेखनाची बेरीज करणे चूक आहे; एकच बदल रेप्लिकेशनमुळे (बदल इतर प्रतींवर आपोआप पोहोचवण्यामुळे) आठही ठिकाणी लिहिला जातो आणि बेरजेत तो आठ वेळा मोजला जातो. याचा व्यत्यासही ध्यानात ठेवावा: सर्व्हरची संख्या वाढवून वाचनाची क्षमता वाढते, लेखनाची वाढत नाही, कारण प्रत्येक लेखन प्रत्येकालाच करावे लागते.

जुने सर्व्हर एकमेकांच्या प्रती नसून वेगवेगळ्या डिरेक्टरी असतील, तर एकाच नावाचे दोन युजर, जुळत नसलेले स्कीमा (नोंदीत कोणते गुणधर्म असावेत याचे नियम) आणि दुहेरी गट यांचा निकाल आधी लावावा लागतो. ते काम माहितीच्या साफसफाईचे आहे, आणि त्याला हार्डवेअरपेक्षा जास्त वेळ लागतो.

पायरी २ : इंडेक्स तपासल्याशिवाय काहीही मागवू नका

संथ डिरेक्टरीचे सर्वांत सामान्य कारण जुने यंत्र नसते. ज्या गुणधर्मावर शोध घेतला जातो त्याचा इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी तयार यादी) नसणे, हे असते. समजा तीन लाख नोंदी आहेत आणि एखादे ॲप्लिकेशन ईमेल पत्त्यावरून युजर शोधते. इंडेक्स असेल तर सर्व्हर थेट त्या नोंदीपाशी पोहोचतो. नसेल तर त्याला तीन लाख नोंदी एकेक करून उलगडून पाहाव्या लागतात, आणि असा शोध दर सेकंदाला दहा वेळा आला तर नवे यंत्रही काही महिन्यांत जुन्यासारखेच वाटू लागते.

हे पकडणे अवघड नाही. ओपनएलडॅपच्या लॉगमध्ये अशा शोधाच्या वेळी गुणधर्माचे नाव कंसात देऊन पुढे ‘नॉट इंडेक्स्ड’ असे लिहिलेली ओळ उमटते. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये निकालाच्या ओळीच्या शेवटी ‘नोट्स’ या शब्दापुढे ए किंवा यू हे अक्षर येते. ए म्हणजे शोधाला इंडेक्सचा काहीच आधार मिळाला नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत रजिस्ट्रीमधील ‘फील्ड इंजिनीअरिंग’ या निदान-नोंदीची पातळी ५ केली की खर्चिक शोध १६४४ या क्रमांकाच्या घटनेखाली नोंदले जातात आणि तो शोध कोणत्या क्लायंटकडून आला हेही कळते. ही पातळी काम झाल्यावर पुन्हा खाली आणावी, नाहीतर लॉग भरत राहतो.

सापडलेल्या प्रत्येक गुणधर्माचा इंडेक्स आंधळेपणाने वाढवू नये. नेमक्या मूल्यावरचा इंडेक्स स्वस्त असतो, तर मूल्याच्या मधल्या तुकड्यावरून शोधण्यासाठीचा इंडेक्स फाइलही फुगवतो आणि प्रत्येक लेखनही जड करतो. पुष्कळदा ॲप्लिकेशनमधील फिल्टर (शोधाची अट) दुरुस्त करणे हाच खरा उपाय असतो. नवा इंडेक्स लावल्यावर तो जुन्या नोंदींसाठी पूर्ण बांधला गेला आहे याची खात्री करावी आणि पायरी १ची मोजणी पुन्हा करावी. या टप्प्यावर काही संस्थांना खरेदीची गरजच उरत नाही.

पायरी ३ : मेमरी ठरवा

नियम सोपा आहे: संपूर्ण डेटाबेस इंडेक्ससह मेमरीत मावला पाहिजे, वर वाढीसाठी जागा हवी, आणि ऑपरेटिंग सिस्टिम, बॅकअप व अँटीव्हायरस यांचा वाटा वेगळा धरला पाहिजे. मायक्रोसॉफ्टचे ॲक्टिव्ह डिरेक्टरीसाठीचे क्षमता-नियोजनही याच बेरजेवर उभे आहे. त्यात सिसव्हॉल या धोरणे व स्क्रिप्ट ठेवणाऱ्या फोल्डरचा आकार तेवढा जास्तीचा मिळवतात.

उदाहरण घेऊ. तीन लाख नोंदी आणि ३.६ जीबीची फाइल, म्हणजे इंडेक्स धरून प्रत्येक नोंदीमागे सुमारे १२ केबी. पुढील काही वर्षांत नोंदी दुप्पट होतील असे धरले तर ७.२ जीबी, ऑपरेटिंग सिस्टिम व इतर प्रोग्रामसाठी ८ जीबी, उघड्या जोडण्या आणि तात्पुरत्या कामांसाठी आणखी ४ जीबी. बेरीज २० जीबीच्या आसपास जाते, म्हणजे ३२ जीबी पुरेशी आहे आणि ६४ जीबी ऐसपैस आहे. आजच्या सर्व्हरच्या मानाने हा आकडा लहान वाटतो, आणि बहुतेक संस्थांच्या डिरेक्टरी खरोखरच एवढ्याच लहान असतात. अपवाद छायाचित्रांचा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत युजरच्या लघुचित्राला १०० केबीपर्यंत मुभा आहे, आणि सगळ्यांनी ती वापरली तर वरचे सारे गणित कोलमडते. त्यामुळे फाइल अनपेक्षितपणे मोठी दिसली तर आधी चित्रे आणि प्रमाणपत्रे तपासावीत.

मेमरी नेमकी कशी वापरली जाते हे सॉफ्टवेअरवर अवलंबून असते. ओपनएलडॅप आज एलएमडीबी हे इंजिन वापरते, जे २०११ मध्ये हॉवर्ड चू यांनी याच कामासाठी लिहिले. ते डेटाबेसची फाइल थेट मेमरीच्या नकाशावर आणते आणि कॅशेचे काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवते. त्यामुळे जुन्या मार्गदर्शकांत सापडणाऱ्या बर्कली डीबी या जुन्या इंजिनच्या कॅशेच्या सेटिंग येथे निरुपयोगी ठरतात. २०२१ च्या २.५ आवृत्तीपासून तर ते जुने बॅकएंडच काढून टाकले आहेत. मात्र डेटाबेसच्या कमाल आकाराची एक सेटिंग स्वतः वाढवावी लागते, कारण तिचे मूळ मूल्य अवघे १० एमबी आहे, आणि ती मर्यादा गाठली की यंत्रात कितीही मेमरी मोकळी असली तरी नव्या नोंदी नाकारल्या जातात.

मेमरी ईसीसीचीच (चुकलेला बिट ओळखून दुरुस्त करणारी) घ्यावी, यावर तडजोड नको. बिघडलेला एक बिट रेप्लिकेशनमधून सगळीकडे पोहोचू शकतो. प्रोसेसरला आठ मेमरी चॅनेल असतील तर एकच मोठी पट्टी न बसवता सारख्या क्षमतेच्या पट्ट्या सर्व चॅनेलमध्ये वाटून बसवाव्यात.

पायरी ४ : प्रोसेसर

एक साधा शोध ही फार लहान क्रिया असते आणि ती एकाच थ्रेडवर (कामाच्या एका सलग धाग्यावर) पूर्ण होते, त्यामुळे तिला लागणारा वेळ एका कोअरच्या वेगावर ठरतो. कमी क्लॉकच्या ६४ कोअरपेक्षा जास्त क्लॉकचे १६ कोअर डिरेक्टरीला अधिक मानवतात. एकाच सॉकेटचे (प्रोसेसर बसवण्याच्या एकाच जागेचे) यंत्र पुरत असेल तर दोन सॉकेटचे घेऊ नये, कारण दुसऱ्या सॉकेटच्या मेमरीकडे जाताना विलंब वाढतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीबाबत आणखी एक मर्यादा आहे: विंडोज सर्व्हर २०२५ च्या आधीच्या आवृत्त्यांत ती केवळ पहिल्या प्रोसेसर गटाचे, म्हणजे जास्तीत जास्त ६४ लॉजिकल प्रोसेसरच वापरते, आणि त्यापुढचे कोअर तिच्या दृष्टीने नसल्यातच जमा असतात.

आता ज्या दोन गोष्टी प्रोसेसरला खरोखर घाम फोडतात त्यांकडे वळू. पहिली, टीएलएस, म्हणजे जोडणी कूटबद्ध करण्याची पद्धत. जोडणी उघडताना सर्व्हरला करावी लागणारी डिजिटल सही महाग असते. त्यानंतरची माहिती कूटबद्ध करणे आजच्या प्रोसेसरमधील एईएस या कूटपद्धतीच्या अंगभूत सोयीमुळे जवळपास फुकट पडते. त्यामुळे प्रत्येक शोधासाठी नवी जोडणी उघडणारे ॲप्लिकेशन हा प्रोसेसरचा खरा शत्रू आहे. जोडण्या टिकवून पुन्हा वापरण्याची सोय त्या ॲप्लिकेशनमध्ये सुरू करावी, आणि ४०९६ बिटांच्या आरएसए किल्लीऐवजी पी-२५६ वक्रावरील, सही करण्यास हलके असे ईसीडीएसए प्रमाणपत्र वापरण्याचा विचार करावा, जर सर्व जुने क्लायंट ते स्वीकारत असतील.

दुसरी, पासवर्डचे हॅश, म्हणजे त्याचा उलट न वाचता येणारा ठसा. पीबीकेडीएफ२, बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ या पद्धती मुद्दाम संथ बनवलेल्या आहेत, आणि सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण गणित मांडावे लागते. एका पासवर्डच्या तपासणीला कोअरचे ५० मिलिसेकंद लागत असतील, तर एक कोअर सेकंदाला २० बाइंड पेलतो. गर्दीच्या मिनिटात ६०० माणसे लॉगिन झाली तर तो दर सेकंदाला १० एवढाच भरतो आणि एक कोअरही पुरतो. मात्र एखादे वेब ॲप्लिकेशन प्रत्येक विनंतीला सेवा-खात्याचा (ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या खात्याचा) बाइंड नव्याने करत असेल आणि तसे २०० बाइंड सेकंदाला येत असतील, तर केवळ त्या एका ॲप्लिकेशनसाठी १० कोअर जळतात. कोअरची खरी संख्या पायरी १ मधल्या बाइंडच्या आकड्यावरून काढायची ती याचसाठी.

पायरी ५ : डिस्क

डेटाबेस मेमरीत मावला की वाचनासाठी डिस्कची गरज जवळपास संपते, आणि उरते ते लेखन. प्रत्येक बदल डिस्कवर पक्का झाल्याशिवाय सर्व्हर ‘झाले’ असे सांगत नाही. ७,२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची असल्यामुळे ती अशी पक्की लेखने सेकंदाला शंभरेकच करू शकते. एलएमडीबीमध्ये एका वेळी एकच लेखन चालते, त्यामुळे तेथे हा विलंब थेट रांगेत बदलतो; दिलासा एवढाच की वाचणाऱ्यांना त्या रांगेत थांबावे लागत नाही.

डिरेक्टरी वाचनप्रधान असते असे सर्वत्र लिहिलेले आढळते, आणि ते खरेही आहे. पण युजरच्या शेवटच्या लॉगिनची वेळ नोंदवण्याची सोय कोणी सुरू केली की प्रत्येक लॉगिन हे एक लेखन होऊन बसते. पासवर्ड धोरणात चुकीचे प्रयत्न मोजले जात असतील, तर प्रत्येक चुकलेला पासवर्डही लेखनच असतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरीने यावर एक शहाणी तडजोड केली आहे: नेमकी वेळ ज्या त्या डोमेन कंट्रोलरवरच (ॲक्टिव्ह डिरेक्टरी चालवणाऱ्या सर्व्हरवरच) राहते, आणि सगळीकडे पसरणारी वेळ मूळ सेटिंगनुसार साधारण ९ ते १४ दिवसांनी एकदाच बदलते. इतर सॉफ्टवेअरमध्ये ही सोय सुरू आहे का आणि ती किती बारकाईने नोंद करते, हे डिस्क ठरवण्यापूर्वी पाहावे.

डिस्क घ्यायची ती सर्व्हरसाठीची एनव्हीएमई (प्रोसेसरशी थेट जोडली जाणारी) एसएसडी, आणि तपशीलपत्रकात वीज गेल्यास माहिती वाचवणारे कपॅसिटर आहेत असे स्पष्ट लिहिलेले असावे. ही सोय असलेली डिस्क लेखन स्वतःच्या सुरक्षित बफरमध्ये घेताच ‘पक्के झाले’ असे उत्तर देऊ शकते. ती नसलेल्या घरगुती वापराच्या डिस्कला प्रत्येक वेळी मूळ चिपपर्यंत लिहावे लागते, आणि जाहिरातीत वेगवान दिसणारी डिस्क येथे अडखळते. कपॅसिटर नसताना राइट कॅशेच्या (लेखन तात्पुरते धरून ठेवणाऱ्या मेमरीच्या) भरवशावर वेग मिळवणे धोक्याचे आहे. ॲक्टिव्ह डिरेक्टरी तर आपला डेटाबेस असलेल्या ड्राइव्हची राइट कॅशे स्वतःहून बंद करू पाहते.

रचना रेड १ ची, म्हणजे दोन डिस्कवर एकच माहिती. रेड ५ (माहिती आणि तिच्या पडताळणीचे आकडे अनेक डिस्कवर वाटणारी रचना) घेऊ नये. लहान लेखनाला तेथे चार डिस्क-क्रिया लागतात. टिकाऊपणाच्या बाबतीत रोज एकदा पूर्ण भरण्याइतक्या लेखनाची हमी असलेली डिस्क डिरेक्टरीला कितीही वर्षे पुरते, तेव्हा तिप्पट हमीच्या डिस्कसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. डेटाबेस आणि लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवण्याचा जुना सल्ला फिरत्या डिस्कच्या काळातला आहे. चांगल्या एसएसडीवर त्याचा फायदा फारसा उरत नाही.

पायरी ६ : यंत्रे किती आणि कोठे

एकत्रीकरण म्हणजे एकच यंत्र करणे नव्हे, हे वरिष्ठांना आधीच स्पष्ट सांगावे. डिरेक्टरी थांबली की ईमेल, व्हीपीएन, फाइल सर्व्हर, कधीकधी दाराचे कुलूपसुद्धा थांबते.

हिशेब असा करावा. गर्दीच्या वेळचा एकूण भार एक कमी केलेल्या यंत्रसंख्येने भागावा, आणि उत्तर एका यंत्राच्या प्रत्यक्ष मोजलेल्या क्षमतेच्या ७५ टक्क्यांच्या आत बसावे. दोन यंत्रे प्रत्येकी ४० टक्क्यांवर चालत असतील तर एक पडल्यावर दुसरे ८० टक्क्यांवर जाते, म्हणजे हा निकष चुकतो. तीन यंत्रे प्रत्येकी ५० टक्क्यांवर असतील तर एक पडल्यावर उरलेली दोन ७५ टक्क्यांवर स्थिरावतात. माझा कल तीन मध्यम यंत्रांकडे असतो, कारण एक यंत्र देखभालीसाठी बंद असताना दुसरे अचानक पडले तरी सेवा संथ का होईना, चालू राहते.

शाखांतील सर्व्हर काढून टाकताना अंतराचा विचार केला नाही तर नवी यंत्रे वेगवान असूनही लोकांची तक्रार येते. एका लॉगिनमध्ये एकामागून एक १५ प्रश्न विचारले जात असतील आणि शाखेपासून केंद्रापर्यंत जाऊन परत येण्यास ४० मिलिसेकंद लागत असतील, तर ६०० मिलिसेकंद केवळ प्रवासात जातात, मग सर्व्हर प्रत्येक उत्तर एका मिलिसेकंदात देत असला तरी. अशा शाखेत केवळ वाचनासाठीची छोटी प्रत ठेवावी. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत विंडोज सर्व्हर २००८ पासून यासाठी रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर आहे, आणि लिनक्स क्लायंटवर एसएसएसडी या लॉगिन-सेवेची कॅशे बराच भार हलका करते.

नेटवर्कच्या रुंदीची चिंता मात्र कमी आहे. सेकंदाला १,००० उत्तरे आणि प्रत्येक २ केबीचे धरले तरी ती १६ मेगाबिट भरतात. १० गिगाबिटचे कार्ड उपयोगी पडते ते नवी प्रत शून्यातून भरताना आणि बॅकअपच्या वेळी. दोन वीजपुरवठे वेगवेगळ्या वाहिन्यांवर आणि दूरस्थ व्यवस्थापनाचे वेगळे पोर्ट हे गृहीतच धरावे.

पायरी ७ : व्हर्च्युअल यंत्र की प्रत्यक्ष यंत्र

बहुतेकांसाठी व्हर्च्युअल यंत्रे (एका प्रत्यक्ष यंत्रावर सॉफ्टवेअरने उभी केलेली) ठीक आहेत, काही अटींवर: डिरेक्टरीची सर्व यंत्रे एकाच प्रत्यक्ष यंत्रावर येणार नाहीत असा नियम लावावा, त्यांची मेमरी राखीव ठेवावी, आणि स्नॅपशॉटवरून (यंत्राच्या एका क्षणी जतन केलेल्या स्थितीवरून) परत आणणे हा बॅकअपचा मार्ग समजू नये. जुन्या स्नॅपशॉटवर परतलेला डोमेन कंट्रोलर इतरांशी विसंगत होऊ शकतो. विंडोज सर्व्हर २०१२ पासून त्यावर संरक्षण आहे, पण ते हायपरव्हायझरनेही (व्हर्च्युअल यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनेही) साथ दिली तरच चालते. घड्याळाचा एकच विश्वसनीय स्रोत ठरवावा, कारण केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत मूळ सेटिंगमध्ये पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक सहन करत नाही.

आणि एक चक्र आवर्जून तोडावे: हायपरव्हायझरमध्ये शिरण्यासाठीचे लॉगिन त्याच डिरेक्टरीवर अवलंबून असेल, तर डिरेक्टरी बंद पडल्यावर ती सुरू करायलाही आत जाता येणार नाही. तेथे एक स्थानिक खाते असलेच पाहिजे.

पायरी ८ : मागवण्यापूर्वी चाचणी

विक्रेत्याकडून एक यंत्र चाचणीसाठी मागावे, त्यावर डेटाबेसची प्रत चढवावी आणि जुन्या लॉगमधील खरे शोध खऱ्या प्रमाणात त्यावर सोडावेत. एकच शोध लाख वेळा फिरवणारी चाचणी नेहमीच छान आकडे देते आणि काहीच सांगत नाही. फर्मवेअरमधील वीजबचतीची पद्धत कार्यक्षमतेकडे वळवून फरक पाहावा. झोपलेल्या कोअरला जागे होण्यास लागणारा वेळ लहान शोधांमध्ये उठून दिसतो. सरासरीऐवजी शंभरांतील सर्वांत संथ एका उत्तराचा वेळ नोंदवावा.

तीन प्रसंग मुद्दाम घडवावेत. यंत्र नुकतेच सुरू झाले असून मेमरी रिकामी असताना पूर्ण भार सोडावा. भार चालू असताना एक सर्व्हर बंद करावा आणि क्लायंट दुसऱ्याकडे किती वेळात वळतात ते पाहावे. शेवटी, भार चालू असताना वीजच काढावी आणि डेटाबेस सुखरूप उघडतो का ते तपासावे. उघड्या फाइलची मर्यादाही याच वेळी उघडी पडते: प्रत्येक जोडणीला एक फाइल-क्रमांक लागतो, लिनक्सवर ही मर्यादा पुष्कळदा १०२४ असते, आणि आठ सर्व्हरच्या जोडण्या तीनवर आल्या की ती सहज ओलांडली जाते.

पायरी ९ : जुनी यंत्रे उतरवणे

नवी यंत्रे आधी प्रती म्हणून जोडावीत, रेप्लिकेशन पूर्ण झाल्याची खात्री करावी, डीएनएसमधील (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेतील) नोंदींची मुदत काही दिवस आधीच कमी करावी आणि मग नावे नव्या यंत्रांकडे वळवावीत. यानंतर जुन्या सर्व्हरचा लॉग वाचत राहावा. ज्या क्लायंटमध्ये नावाऐवजी आयपी पत्ता लिहून ठेवला आहे, ते तेथेच येत राहतात. यात बहुधा प्रिंटर, स्कॅनर आणि कोणाच्याही यादीत नसलेली एखादी जुनी स्क्रिप्ट निघते. प्रत्येक पत्त्यामागचा मालक शोधून तो दुरुस्त करावा. महिनाअखेरची कामे एकदा पार पडेपर्यंत लॉगमध्ये नवी ओळ आली नाही, की मगच तो सर्व्हर रीतसर डिरेक्टरीच्या रचनेतून काढावा आणि बंद करावा. नुसती वीज काढली तर उरलेले सर्व्हर त्याच्याशी रेप्लिकेशन करण्याचा प्रयत्न करत राहतात.